साहेबांचा डावा डोळा

६ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं मागच्या महिन्यातलं पत्र मिळालं. फोनवर तुम्ही ‘बरं आहे, ठेवतो’ याच्या पुढे जात नाही आणि तुमच्यामागे दुकानभर घड्याळं टिकटिकत असतात, म्हणून आपलं पत्रच बरं. तुमची नात आता स्वतःच्या पायांनी तळ्यापर्यंत जाते, त्यामुळे माझी दिवसभर धावाधाव. जावई मजेत आहेत. फार्मवर मोठ्या शोभेच्या माशांसाठी नवीन तळं झालं, त्याच्या गडबडीत आम्हा दोघांना धड जेवायलाही वेळ मिळत नाही.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. समोरच्या शिवणवाल्या काकूंनी परवा मला तुमच्या दुकानाचा फोटो पाठवला. तुम्ही मान खाली घालून कुणाचं तरी घड्याळ उघडलंय आणि समोर वरती टाकीत साहेब. फोटो मोठा करून बघितला. साहेबांचा डावा डोळा खाली वळलाय, बाबा. बुबुळ पार तळाकडे गेलंय.

घाबरू नका, याने मासा मरत नाही. पण या अरोवाना जातीत एकदा का डोळा खाली बघायला लागला, की तो सहसा पूर्ण वर येत नाही. आणि हा मासा मुळात वर बघणारा. नदीत तो पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो, वर पडलेला किडा टिपतो, म्हणून तर त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. तुमच्याकडे त्याला वर बघण्यासारखं काय आहे? नुसतं झाकण. सगळी गंमत खाली. तुम्ही खाली, तुमचा दिवा खाली, आणि त्याच्या खाण्याचे तुकडेही तळाला जाऊन पडणार. शिवाय तुम्ही घड्याळ लावून दिवसातून तीन वेळा खाऊ घालता. त्याने चरबी वाढते आणि ती डोळ्यामागे साठून त्याला ढकलते असंही म्हणतात. नेमकं एकच कारण कुणी सांगत नाही, पण मोकळ्या तळ्यातल्या माशांत हा विकार मी फारसा बघितलेला नाही.

चूक माझीही आहे. लग्न होऊन निघताना बोटाएवढं पिल्लू तुमच्या हातात ठेवून गेले, तुम्हाला सोबत हवी म्हणून. तुमचं टेबल बुटकं, स्टूल त्याहून बुटकं आणि टाकी छातीएवढ्या उंच ओट्यावर. वरून लक्ष ठेवणारा साहेब मिळाला असं तुम्ही म्हणालात आणि मी हसले. टाकीत ना वाळू ना झाड, तळाला पांढरीशुभ्र फरशी, कारण तुमच्या मते घड्याळात आणि टाकीत कचरा चालत नाही. त्यालाही मी हसलेच. आता माशांचंच काम करते, तरी नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

आता एवढं करा. फरशी काढून तळाला काळी वाळू घाला. तीन बाजूंना गडद कागद लावा. पाण्यावर एक हलका चेंडू सोडा आणि थोडी तरंगती झाडं, म्हणजे साहेबांना वर बघायला कारण मिळेल. खाणं तरंगणारं द्या, दिवसाआड द्या. तुमच्या कामाच्या दिव्याला टाकीच्या बाजूने आडोसा करा. आणि सगळ्यात आधी टाकीसमोर उभे राहून नीट बघा आणि मला कळवा, बुबुळ किती खाली आहे, आणि उजवा डोळा कसा आहे.

उत्तराला उशीर लावू नका. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
ठकू

१४ जानेवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोरी, तू लग्नाआधी मला शिकवायचीस, आता पोस्टाने शिकवतेस. हरकत नाही. नातीला पाण्याजवळ एकटी सोडू नका, एवढं मात्र मी शिकवतो.

साहेबांना काहीही झालेलं नाही. तू सांगितल्याप्रमाणे टाकीसमोर उभा राहिलो आणि नीट बघितलं. दोन्ही बुबुळं बरोबर मधोमध आहेत. फोटो वाकडा आला असणार. ज्या बाईंनी तो काढला त्या कापड सरळ कापतात, पण फोनचं आणि त्यांचं काही जमत नाही. त्यांची ख्यालीखुशाली तू विचारशीलच म्हणून लिहितो. त्या ठीक आहेत. पूर्वी सुया ओवायला माझ्याकडे यायच्या, आता ओवायचं यंत्र घेतलंय. तेवढाच माझा वेळ वाचतो.

तरी तुझा हट्ट म्हणून सगळं केलं. फरशी काढली. काळी वाळू घातली, ती बघून मला अजून मळमळतं. चेंडू सोडला. पहिले दोन दिवस साहेब त्याच्यावर रागावून कोपऱ्यात बसले होते, आता नाकाने ढकलतात. खाणं दिवसाआड केलं आहे, त्यामुळे आमच्यात बोलणं बंद आहे. फक्त दिव्याला आडोसा केला नाही. मागच्या वर्षी चांगला मोठा दिवा मुद्दाम करून घेतलाय. तो झाकला तर काम कसं करायचं आणि साहेब दिसायचे कसे?

काम बेताचं आहे. मनगटी घड्याळं घेणं मी बंद केलं. त्यांत आता राम राहिला नाही. भिंतीवरची घेतो, लंबकाची. त्यांना निदान अंग असतं.

अक्षर वरखाली झालंय, टेबलाचा एक पाय हलतो म्हणून. सगळ्यांना आशीर्वाद. आठवण ठेवत जा.

तुझा,
बाबा

२२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा कमी हसले, मग काकूंना फोन केला. तुम्ही जेवायला घरात गेलात तेव्हा त्या दुकानात आल्या आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या. रागवायचं तर माझ्यावर रागवा, त्यांना मीच गळ घातली. त्यांनी सांगितलं की डावा डोळा कुणालाही लांबून दिसावा इतका खाली गेलाय आणि उजव्याचंही बुबुळ जरा उतरायला लागलंय. त्यांना वाटत होतं की तुम्हाला हे ठाऊक असणारच.

बाबा, मी आठ वर्षांची असताना तुमच्या हातून मोहरीहून बारीक स्क्रू निसटला होता. मी सगळी फरशी चाचपली. तुम्ही जागचे हलला नाहीत, बसल्या जागेवरून माझ्या केसांत अडकलेला तो स्क्रू तुम्ही चिमट्याने उचललात. ती नजर टाकीला नाक लावून उभी राहते आणि तिला हाताएवढ्या माशाचा डोळा पडलेला दिसत नाही?

मग मी बाकीचं एकापुढे एक मांडलं. सुया ओवणं बंद. मनगटी घड्याळं बंद. मोठा दिवा. आणि पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढलेल्या. टेबलाचा पाय हलला असता तर तो तुम्ही त्याच दिवशी ठीक केला असता, एवढं मी तुम्हाला ओळखते.

मला तुम्हाला पेचात पकडायचं नाही. मला फक्त भीती वाटते. दीड वर्षात मी तिकडे फिरकले नाही, मूल लहान, तळ्याचं काम, कारणं पुष्कळ आहेत. पण दुकानाचा फोटो बघून मला माशाचा डोळा दिसला आणि तुमचे दिसले नाहीत, हे मनातून जात नाही. किती दिवसांपासून कमी दिसतंय? खरं लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

वाट बघते.

तुमची,
ठकू

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

दोन ओळी लिहायला बसलो आणि दहा दिवस गेले.

उजव्या डोळ्याने कमी दिसायला लागून दोन वर्षं झाली. डाव्याने वर्ष. काचेवर वाफ धरावी तसं दिसतं, पुसली तरी जात नाही. पहिल्यांदा मला वाटलं भिंगच खराब झालं. तीन भिंगं बदलली. मग एका बाईंच्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग मी चिमट्यात धरून मोडली आणि मला कळली नाही. त्या दिवसापासून मनगटी घड्याळं बंद. चाळीस वर्षांत माझ्या हातून मोडलेली ती पहिली वस्तू. त्यांना मी सांगितलं की ती आधीच तुटलेली होती. हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

डॉक्टरकडे गेलो नाही, कारण माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला ते मी डोळ्यांसमोर पाहिलं आहे. दुसरं कारण तू आहेस. डोळे गेले हे कळलं की तू दुकानाला कुलूप लावणार आणि ट्रंक उचलावी तसं मला उचलून घेऊन जाणार. तुझ्या घरी मी काय करू? तिथली सगळी घड्याळं बॅटरीवर चालतात.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातंय. मोठा दिवा मी कामासाठी घेतला नव्हता. कामाला जुना पुरत होता, काम तर कमीच झालं होतं. साहेब दिसेनासे झाले म्हणून घेतला. नुसती पांढरी रेघ इकडून तिकडे जायची. मग मी दिवा वरच्या बाजूला वळवला, टाकीवर खालून उजेड पाडला, तेव्हा कुठे खवल्यांची चमक दिसायला लागली. वर्षभर मी रोज दुकान उघडल्यापासून तो दिवा तसाच लावून ठेवला. आणि तू लिहितेस की त्याला वर बघायला काही नव्हतं, सगळं खाली होतं. मला तो दिसावा म्हणून मी त्याला खाली बघायला लावलं, ठकू. मी त्याचा डोळा पाडला.

तुझं दुसरं पत्र वाचलं त्याच दिवशी दिवा काढून टाकला. आता साहेब टाकीत कुठे आहेत ते मला पाण्याच्या आवाजावरून कळतं.

साहेबांना तुझ्या तळ्यात घेऊन जा. उजवा तरी वाचव. माझं नंतर बघू.

तुझा,
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तळ्याकाठी बसून वाचलं. नात येऊन माझ्या पाठीवर चढली तेव्हा उठले.

पहिली गोष्ट. दिव्याने थोडा हातभार लावला असेल. पण त्याआधी आठ वर्षं उंच ओटा होता, पांढरी फरशी होती, तीन वेळचं खाणं होतं आणि ते बघून हसणारी मी होते. सगळं स्वतःच्या नावावर घेऊ नका. आणि आणखी एक सांगते. इथे माशांना हौसेने ठेवणारे पुष्कळ येतात. मासा दिसेनासा झाला तर माणसं टाकी विकून टाकतात. तुम्ही दिवा आणलात. चुकलं, पण त्यात वाईट काही नव्हतं.

दुसरी गोष्ट. तुम्हाला ट्रंकेसारखं उचलणार नाही. खरं सांगायचं तर इतके दिवस माझा तोच बेत होता, वरची खोली मनात रंगवूनसुद्धा झाली होती. पण माशांसाठी तळं आखताना मी रोज एकच विचार करत होते, की मासा कसा राहायला जन्मला आणि त्याला तसं कसं राहू द्यावं. मग बापाच्या बाबतीत वेगळा नियम कसा लावू? तुमचं पाणी ते दुकान आहे. स्टूल, चिमटे, पन्नास घड्याळांचा गोंगाट आणि समोर बडबड करायला काकू. तिथून काढलं तर तुम्ही आठ दिवसांत खिडकीबाहेर बघत बसाल. म्हणून दुकान तुमचं, राहणं तुमचं. फक्त डोळे दाखवायचे. तुमच्याच गावात, तुमच्याच रस्त्यावर डॉक्टर आहेत. काकांचं ऑपरेशन झालं त्याला तीस वर्षं झाली, तेव्हाचं भिंगही तुम्ही आता कामाला वापरत नाही. काकू बरोबर येतील, औषधाचे थेंबही घालतील, त्यांनी कबूल केलंय. तुमच्यावर ओरडायची संधी त्या सोडणार नाहीत.

जावई शनिवारी गाडी घेऊन येतील. गुरुवारपासून साहेबांना उपाशी ठेवा. तळ्याच्या पूर्वेच्या कडेला सावली आहे, पाणी खोल आणि गढूळसर आहे, तळ दिसत नाही. काठाची झुडपं पाण्यावर वाकली आहेत आणि त्यांवरून किडे पडतात. वरून जाळी लावली आहे, कारण हा गडी उड्या मारतो. त्याला तिथे दिवसभर वरच बघावं लागेल.

डॉक्टरांकडे कधी जाताय ते लिहा. तेवढं उत्तर आलं की मला झोप लागेल.

तुमची,
ठकू

३ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

साहेब गेले ते जावयांनी सांगितलं असेलच. त्यांना पिशवीत घालताना एवढ्या जोराची शेपटी बसली की जावई आणि भिंतीवरची तीन घड्याळं, सगळ्यांना अंघोळ झाली. काकूंनी गाडी वळेपर्यंत हात हलवला. मी दारापर्यंत गेलो नाही.

ओटा रिकामा आहे. काम करता करता अजून दर पाच मिनिटांनी मान वर जाते. नऊ वर्षांची सवय आहे. मग कळतं की माझंही आत्ताआत्तापर्यंत साहेबांसारखंच होतं, फक्त दिशा उलटी.

डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई आहेत. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, आणि मी दोन वर्षं वाया घालवली असं त्यांनी तोंडावर सांगितलं. डोळ्यात बसवायचं भिंग त्यांनी हातात दिलं. मी म्हटलं की एवढा बारीक भाग मीही कधी बसवलेला नाही. त्यांनी विचारलं, हात थरथरला की तुम्ही काय करता. मी सांगितलं की श्वास सोडून मगच चिमटा उचलायचा. त्यांचीही तीच रीत आहे म्हणे. तेव्हा मी हो म्हटलं. पहिला डोळा या महिन्याच्या अठराला, दुसरा त्यानंतर महिन्याने.

साहेब खातात का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. जे असेल ते लिही.

तुझा,
बाबा

२४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरा डोळाही नीट पार पडला हे काकूंनी कळवलं. तुम्ही थेंब घालताना लहान मुलासारखं तोंड फिरवता हेही कळवलं. आता काळा चष्मा घालून दुकानाच्या दारात बसता म्हणे, आणि येणारेजाणारे तुम्हाला बघून रस्ता बदलतात.

साहेबांचं खरं लिहायला सांगितलं होतंत. पहिले अकरा दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. तेव्हा मी तुम्हाला कळवलं नाही, आणि मग तुमच्या दोन्ही डोळ्यांचं होईपर्यंत पत्र लांबवलं. रोज सकाळी मी काठावर जायची आणि ते वर दिसायचेच नाहीत, तळाला जाऊन बसलेले असणार, सगळ्यांपासून दूर. मला वाटायला लागलं की तुमच्याकडून आणून मी त्यांना मारलं. बाराव्या दिवशी झुडपावरून एक नाकतोडा पाण्यात पडला आणि तळ्याच्या मधून एक चंदेरी पट्टा सरळ वर आला. मी ओरडले तशी नात घाबरून रडायला लागली.

डावा डोळा वर आलेला नाही. थोडा सावरलाय, पण मधोमध येईल असं वाटत नाही आणि तशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. उजवा मात्र खाली जायचा थांबलाय. मला तर तो परतल्यासारखा वाटतो, पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही, मला तसं वाटायलाच हवंय. साहेब माणसांजवळ येत नाहीत. खाणं टाकलं तरी आम्ही बाजूला झाल्यावरच येतात.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की आठ दिवस या. आठच. नवव्या दिवशी मी स्वतः गाडीत बसवून देईन.

तुमची,
ठकू

९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काल सुखरूप पोचलो. दुकान उघडलं तर बावन्न घड्याळांत बावन्न वेळा. आठ दिवस चावी दिली नाही तर ही अवस्था. दिवसभर तेच करत होतो. दुपारी काकू आल्या. सुई ओवायचं यंत्र बिघडलंय म्हणाल्या आणि सुई-दोरा पुढे केला. त्या यंत्रात बिघडण्यासारखं काही नसतं हे मला कळतं, तरी सुई घेतली. पहिल्या झटक्यात ओवली.

तिथे तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही म्हणून लिहितो. शेवटच्या दिवशी तुम्ही सगळे सामान बांधत होतात तेव्हा मी एकटाच तळ्यावर गेलो. सात दिवस साहेब लांबूनच गेले होते. मी मनाची समजूत घातली होती की मासा तो, त्याला काय आठवणार, आणि न आठवलेलंच बरं. पूर्वेच्या काठावर बसलो. खिशातलं घड्याळ काढलं आणि चावी द्यायला लागलो. पाण्यावर वाकूनच बसलो होतो, सवयीने.

ते पलीकडच्या झुडपाखालून आले. घाई नाही, काही नाही. माझ्या पायांखाली येऊन थांबले. नऊ वर्षं ते वर असायचे आणि मी खाली. आता मी वर होतो आणि ते पाण्यातून वर बघत होते. मी खाणं आणलेलं नव्हतं, तरी थांबले. मी चावी देत राहिलो. पूर्ण भरली तरी हात फिरवत राहिलो. मग ते एकदा वळून दुसऱ्या अंगाने आले, त्यामुळे मला दोन्ही डोळे दिसले.

डावा पडलेलाच आहे. तू लिहिलंस तेवढाही तो सावरलेला नाही, तुझी माया त्यात मिसळली असणार. तो माझ्यामुळे पडला हे मी विसरणार नाही आणि तूही मला विसरायला सांगू नकोस.

ओट्यावर आता नातीचा फोटो ठेवलाय. तोही टेबलाएवढा खाली आणून ठेवणार आहे, माझी मान दुखते. दोघांना आणि तिला आशीर्वाद, आणि या म्हाताऱ्यावर जीव आहे तसा असू दे.

उजव्या डोळ्याचं बुबुळ बरोबर मधोमध आहे. या खेपेला मी बघून लिहितोय.

तुझा,
बाबा